पाठीच्या कण्याचे टक्के

(हमाल, माथाडी व बांधकाम कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



बाजार समितीच्या आवारात ट्रक रिकामा होत असतो. फळीवरून उतरताना पाठीवर पोते घेतलेल्या हमालाचा पाय किंचित वाकडा पडतो. तो स्वतः पडत नाही, पोतेही खाली टाकत नाही. कमरेत एक सणक जाते आणि डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरते, एवढेच. रक्त येत नाही, हाड मोडल्याचा आवाज होत नाही. टोळीतले म्हणतात, उसण भरली असेल. आणखी दोन पोती वाहून तो गाळ्याच्या पायरीवर बसतो. त्या रात्री शेक, दुसऱ्या दिवशी मालिश, चौथ्या दिवशी कोणी सांगितलेला हाडवैद्य, आणि तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या येऊ लागल्या म्हणजे मग इस्पितळ. तिथल्या कागदावर लिहिले जाते, 'तीन आठवड्यांपासून कंबरदुखी.' कोठे, कशाने, काय उचलताना, याचा उल्लेख नसतो. कारण डॉक्टरांनी विचारलेले नसते आणि सांगणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नसते. भरपाईचा दावा बहुधा या एका ओळीतच हरलेला असतो. पुढे चार-पाच वर्षे कोर्टात चालते ते तिचे श्राद्ध.

हाच माणूस यंत्रावर असता आणि त्याचा अंगठा कापला गेला असता, तर गोष्ट निराळी झाली असती. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. अंगठा गेला तर उपार्जनक्षमतेची घट तीस टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के, दोन्ही हात गेले तर शंभर टक्के, असा त्यात अवयवागणिक दर बांधून दिला आहे. तिथे वाद घालायला जागा थोडी. तुटलेले बोट मालकालाही दिसते, विमा कंपनीच्या वकिलालाही दिसते. परंतु त्या परिशिष्टात वरपासून खालपर्यंत शोधले तरी पाठीचा कणा सापडत नाही.

ही चूक अनवधानाने झालेली नाही. तिला इतिहास आहे. १ जुलै १९२४ रोजी अंमलात आलेला हा कायदा १८९७ व १९०६ च्या ब्रिटिश कायद्यांच्या धर्तीवर बेतलेला होता, आणि ते कायदे पट्टे, दाते, करवती व वाफेच्या यंत्रांच्या काळात जन्मले. अपघात म्हणजे यंत्राने माणसाचा तुकडा तोडणे, ही त्या काळाची कल्पना. ना. म. जोशी त्या सुमारास मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. पुढे शाही मजूर आयोगाचेही ते सदस्य झाले आणि आयोगाच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. भरपाई ही मालकाची कृपा नव्हे, त्याचा दोष सिद्ध न करताही मिळणारा तो हक्क आहे, हे तत्त्व या देशात रुजले ते त्या पिढीच्या खटपटीने. तरीही ज्या देशात ओझे वाहणाऱ्यांची संख्या यंत्र चालवणाऱ्यांहून कितीतरी मोठी, त्या देशाच्या कायद्यात ओझे वाहणाऱ्या अवयवालाच दर नाही, ही विसंगती आज शंभर वर्षांनंतरही कायम आहे.

दर नाही म्हणजे हक्क नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बऱ्याच कार्यकर्त्यांचा इथेच घोटाळा होतो. परिशिष्टात नसलेल्या इजेसाठी कायद्याच्या चौथ्या कलमात स्वतंत्र तरतूद आहे. त्या इजेने कायमची जी उपार्जनक्षमता घटली असेल तिच्या प्रमाणात भरपाई, आणि ती घट ठरवायची अर्हताप्राप्त वैद्यकाच्या मूल्यमापनावरून. वैद्यकाचे हे शब्द १९८४ च्या दुरुस्तीने आले. आता यातील 'उपार्जनक्षमता' हा शब्द नीट न्याहाळावा. कायदा असे विचारत नाही की कणा किती अंश वाकतो. कायद्याची व्याख्या विचारते ती अशी: अपघाताच्या वेळी हा माणूस जी जी कामे करण्यास समर्थ होता, त्या कामांतून पोट भरण्याची त्याची ताकद किती उरली? पहिला प्रश्न शरीराचा आहे, दुसरा बाजाराचा. पहिल्याचे उत्तर तपासणीच्या मेजावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्या माणसाचे वय, त्याचे शिक्षण, त्याचा धंदा आणि त्याच्या गावात कोणते काम मिळते यांवर अवलंबून असते. मालकपक्षाची सारी कला दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर चिकटवण्यात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक फार पूर्वीच ओळखला आहे. ओरिसातील जेपूर येथे एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना १९६८ च्या जुलैत एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की परिशिष्टात एका हाताचा दर ठरलेला आहे, तेवढेच टक्के द्यावेत. आयुक्तांनी म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही. सबब घट शंभर टक्के. १९७५ च्या अखेरीस चार न्यायमूर्तींच्या पीठाने आयुक्तांचा निर्णय उचलून धरला. ज्या इजेला दर ठरलेला होता, तिच्याही बाबतीत न्यायालयाने माणसाचा धंदा पाहिला. मग ज्या इजेला दरच नाही तिच्या बाबतीत धंदा न पाहता नुसती पाठ पाहावी, हे कोणत्या न्यायाने? पुढे २००८ व २०१० साली पाय गमावलेल्या वाहनचालकांच्या दोन प्रकरणांत हीच दृष्टी न्यायालयाने ठेवली. आणि २०१० सालीच, मोटार अपघाताच्या एका प्रकरणात का होईना, शारीरिक अपंगत्वाचे टक्के वेगळे आणि उपार्जनक्षमतेच्या घटीचे टक्के वेगळे, हे सविस्तर सांगितले. त्याच हाताच्या अभावी कारकून कदाचित काम करू शकेल, वाहनचालक किंवा सुतार करू शकणार नाही, हे उदाहरण त्या निकालात आहे.

टक्क्यांच्या या भांडणात किती पैसा गुंतलेला असतो, हे आकड्यांनी पाहिलेले बरे. चाळीस वर्षांचा एक कामगार घ्या. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून भरपाईच्या हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली गेली. माणूस चोवीस हजार मिळवत असला तरी हिशेब पंधरा हजारांचाच. कायम अपंगत्वासाठी त्याचे साठ टक्के, म्हणजे ९,००० रुपये. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७. गुणाकार होतो १६,५७,५३० रुपये. ही झाली शंभर टक्क्यांची रक्कम. विमा कंपनीच्या डॉक्टराने 'पंधरा टक्के' लिहिले की तिचे होतात २,४८,६३० रुपये. साठ टक्के ठरले तर ९,९४,५१८. डॉक्टराच्या लेखणीतून पंधरा उतरावे की साठ, यावर मुलीचे शिक्षण, घरावरचे कर्ज आणि म्हातारपणाचा आधार अवलंबून राहतो. आणि बऱ्याचदा तो आकडा दहा मिनिटांच्या तपासणीत, 'तुम्ही काय काम करता' हा प्रश्नही न विचारता लिहिला जातो. दिव्यांगांच्या सवलतींसाठी शासकीय मंडळ देते तो दाखला याच कामी पुढे केला जातो. त्या दाखल्याचा हेतू निराळा, त्याची मोजपट्टी निराळी. चाळीस टक्क्यांखाली आला म्हणून सवलत नाकारलेला माणूस पोत्याच्या कामाला मात्र शंभर टक्के निरुपयोगी झालेला असू शकतो.

विमा कंपनीचा ठरलेला बचाव एकच, आणि तो ऐकून ऐकून पाठ झालेला आहे: ही इजा नव्हे, ही झीज. मणक्यांच्या एमआरआय चित्रावर 'झिजेचे बदल' असे दोन शब्द आले की वकिलाचे निम्मे काम होते. लोकभाषेत ज्याला 'मणक्यात गॅप' म्हणतात ते वयोमानाने कोणालाही होते, त्याचा पोत्याशी काय संबंध, असा युक्तिवाद सुरू होतो. या युक्तिवादात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारून चालणार नाही. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती अशा ९८ माणसांची चित्रे काढली गेली. त्यांतील ५२ टक्क्यांच्या मणक्यांमधील एखादी तरी गादी फुगलेली आढळली. म्हणजे चित्रात फुगवटा दिसला म्हणून दुखते असे सिद्ध होत नाही. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू वकील सांगत नाहीत. फुगवटा असूनही ती माणसे बिनतक्रार कामावर जात होती! तेव्हा हमालाच्या चित्रात जुनी झीज दिसली, तर तेवढ्यावरून त्याची असमर्थता जुनी ठरत नाही. ती झीज घेऊन तो अपघाताच्या सकाळपर्यंत पन्नास-पन्नास किलो उचलत होता. चित्राने वादाचा निकाल लागत नाही, ना इकडे ना तिकडे. निकाल लागतो तो आदल्या दिवशीचे काम आणि नंतरचे काम यांच्या तुलनेने.

कायदाही याच बाजूचा आहे. १९०३ सालीच इंग्लंडच्या उमरावसभेने, यंत्राचे चाक जोर लावून फिरवताना अंतर्गळ झालेल्या कामगाराच्या प्रकरणात, बाहेरून काही आदळले नाही तरी अनपेक्षितपणे शरीर आतून फाटणे हाही अपघातच, असे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयात मुंबई बंदरातील एका पहारेकऱ्याच्या मृत्यूचे प्रकरण आले. त्याला हृदयविकार आधीपासूनच होता. सरन्यायाधीश छागला यांच्या निर्णयाचे सार असे की, कामाचा ताण हे एकमेव कारण असण्याची गरज नाही. कामाने दुखण्यास हातभार लावला वा ते लवकर ओढवून आणले, एवढे पुरे. मालकाला कामगार मिळतो तो त्याच्या शरीरासकट, त्यातल्या उण्याअधिकासकट. मात्र याचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावले की माणूस नोकरीत असताना काही झाले एवढ्याने भागत नाही, कामाचा ताण आणि दुखणे यांचा दुवा पुराव्याने दाखवावा लागतो. आणि २००९ साली असेही म्हटले की घटीचा आकडा वैद्यकीय मूल्यमापनाविना हवेतून काढता येत नाही. तेव्हा सहानुभूतीवर विसंबून राहणारा दावा वरच्या कोर्टात टिकत नाही. पुराव्यावर उभा राहिलेला टिकतो, कारण कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयात अपील होते ते कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच. वस्तुस्थितीबाबत आयुक्तांचा शब्द अखेरचा. २०१६ साली एका उच्च न्यायालयाने आयुक्तांनी ठरवलेले टक्के परस्पर कमी केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ववत केले. जे मिळवायचे ते खालीच मिळवले पाहिजे.

आता डॉक्टरांविषयी. उपचार करणारा डॉक्टर साक्षीला येत नाही, हे या दाव्यांतील सर्वांत मोठे दुखणे. सरकारी इस्पितळातील निवासी डॉक्टर वर्षभरात बदललेला असतो. खासगी सर्जनाला दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसणे परवडत नाही. मग वकील आपल्या ओळखीचा डॉक्टर आणतो. त्याने रुग्ण एकदाच, दाखल्यापुरता पाहिलेला असतो आणि उलटतपासणीत पहिल्या पाच प्रश्नांत ते उघडे पडते. टक्क्यांवर काम करणारे दलाल आणि दाखले विकणारे डॉक्टर या क्षेत्रात आहेत, हे चळवळीने झाकून ठेवू नये. त्यांच्यामुळे विमा कंपनीला प्रत्येक दावेदाराकडे लबाड म्हणून बोट दाखवता येते आणि खरोखर मोडलेला माणूस संशयाच्या फेऱ्यात सापडतो. यावर उपाय एवढाच की दाखला देणाऱ्या डॉक्टरापुढे रुग्णाबरोबर त्याच्या कामाचे वर्णनही गेले पाहिजे: पोत्याचे वजन, दिवसाला किती पोती, थप्पी किती उंच, फळीचा चढ कसा, वाकून उचलायचे की खांद्यावर घ्यायचे. आकडा लिहिणाऱ्याला तो कशाचा आकडा लिहितो आहे हे कळले, तर प्रामाणिक डॉक्टराची लेखणी पंधरावर थांबणार नाही.

'बसून करायचे काम तो करू शकतो' हे वाक्य त्या दाखल्यांत हमखास आढळते. कोणते काम? चौथीपर्यंत शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या हमालाला बसून करायचे काम या बाजारात एकच मिळते, ते म्हणजे पहारेकऱ्याचे. बारा तासांची पाळी, तीही बहुधा लोखंडी खुर्चीवर. मणक्याच्या दुखण्यात फार वेळ सलग बसणे हाच मोठा जाच असतो, हे कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. दाखला लिहिताना मात्र त्याला ते आठवत नाही.

शस्त्रक्रियेचा प्रश्नही असाच अवघड. विमा कंपनी म्हणते, शस्त्रक्रिया केली तर बरा होईल, मग अपंगत्व 'कायम' कसे? कामगार ऐकून असतो की मणक्याला सुरी लागली की माणूस कायमचा खाटेला खिळतो. दोघांच्याही बोलण्यात अतिशयोक्ती आहे. कायद्याच्या अकराव्या कलमात असे आहे की मालकाने फुकट देऊ केलेले उपचार कामगाराने अवाजवीपणे नाकारले आणि त्यामुळे इजा वाढली, तर वाढलेल्या भागाची भरपाई मिळत नाही. 'अवाजवीपणे' हा शब्द इथे मोलाचा. जोखमीची शस्त्रक्रिया नाकारणे आणि साधा औषधोपचार सोडून देणे या गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पण हाडवैद्याकडे घालवलेले ते पहिले तीन आठवडे याच कलमाच्या आधारे कामगाराच्या अंगावर येतात. गरिबाने मालिशवाल्याकडे जाणे हा गुन्हा नाही. तो जातो, कारण इस्पितळात रांगेत दिवस मोडतो आणि मोडलेल्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही. वास्तविक तीही देण्याची सोय कायद्यात आहे. तीन दिवसांहून अधिक काळ काम बुडाले, तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या पंचवीस टक्के रक्कम मालकाने द्यायची आहे. पंधरा हजारांच्या हिशेबाने ते पंधरवड्याला ३,७५० रुपये होतात. किती हमालांना ती मिळाली, असे बाजारात फिरून विचारून पाहावे! ही मागणी पहिल्याच महिन्यात लेखी केली आणि एक हप्ता जरी मिळाला, तरी घरात चूल पेटते. शिवाय अपघात झाला हे मालकाने मान्य केल्याचा कागद हाती येतो. म्हणूनच तो हप्ता द्यायला मालक इतके नाखूष असतात. हातावर पाचशे टेकवून 'जा, आराम कर' म्हणणे त्यांना स्वस्त पडते, आणि ते दयाळूही ठरतात.

राज्य विमा योजनेखालील कामगारांचा मार्ग वेगळा आहे. १९४८ च्या त्या कायद्याने विमेदार कामगाराला भरपाई आयुक्तांकडे जाता येत नाही. वैद्यकीय मंडळ घट ठरवते, त्यावर अपील असते आणि भरपाई एकरकमी न मिळता दरमहा मिळते. पाठीच्या दुखण्याला हा मार्ग अधिक मानवतो, कारण हे दुखणे वर्षावर्षाने रूप पालटते, आणि एकरकमी पैशाला पाहुणे फार. पण मंडळापुढेही कामाचे वर्णन नेणारा कोणी नसेल तर तिथेही पाठच मोजली जाते.

सर्वांत वाईट अवस्था ज्यांचा मालकच ठरत नाही त्यांची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल एक, हिशेब एक. डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढताना बाईची पाठ गेली, तर तिची मासिक मजुरी किती म्हणून सांगायची? तिच्या नावावर मजुरीच नाही. मालक कोण, मुकादम की वाहतूकदार की कारखाना? कंत्राटदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते असे बारावे कलम सांगते, परंतु कागदावर सारी नावे मुकादमाच्या पुढे येऊन संपतात. माथाडींनी ही कोंडी १९६९ च्या कायद्याने फोडली. मंडळात नोंद झाली, मजुरीची नोंद झाली, आणि भरपाईचा कायदा नोंदीत माथाडीला लागू झाला. नोंदीचे महत्त्व ज्यांना केवळ भविष्यनिर्वाह निधीपुरते वाटते, त्यांनी पाठ मोडलेल्या नोंदीत आणि बिननोंदीत हमालाची कागदपत्रे शेजारी ठेवून पाहावीत.

नव्या संहितेचे काय, असा प्रश्न सभांतून विचारला जातो. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि भरपाईचा जुना कायदा तिच्या एका प्रकरणात सामावला गेला. घर ते काम या प्रवासातील अपघाताचा, कामाशी दुवा दिसल्यास, तिने स्पष्ट समावेश केला. हे स्वागतार्ह आहे. पण इजांचे परिशिष्ट जवळजवळ जुनेच उचलले. व्यावसायिक रोगांच्या यादीतही, वर्षानुवर्षे ओझे वाहून झिजलेल्या कण्याला स्थान मिळाले नाही. जर्मनीने १९९३ पासून आणि फ्रान्सने १९९९ पासून जड ओझ्यांच्या कामामुळे होणारे कमरेच्या मणक्यांचे विकार व्यावसायिक रोग मानले आहेत. तिथल्याही अटी कडक आहेत आणि सगळेच दावे मान्य होतात असे नाही. तरी 'ही तर झीज' हे वाक्य तिथे वादाचा शेवट करत नाही. झीज कशाने झाली, हा पुढचा प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे एक क्षण सापडला पाहिजे, एक फळी, एक पोते, एक सणक. तीस वर्षांच्या ओझ्याला हिशेबात जागा नाही. संहितेवर चर्चा चालू असताना कामगार संघटनांनी संपाच्या हक्कावर आणि कामावरून कमी करण्याच्या तरतुदींवर रास्त आवाज उठवला. परिशिष्टाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. ती उणीव चळवळीची आहे.

ओझ्याचेही तेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्याकडे एके काळी साखर आणि धान्य शंभर किलोच्या पोत्यांत भरले जाई. पन्नास किलोंचे पोते आले ते माथाडींच्या आणि हमाल पंचायतींच्या आग्रहाने. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी या प्रश्नावर हमालांना उभे केले. पोते लहान झाले हा खरा विजय होता. परंतु पोती निम्म्या वजनाची झाली तशी खेपांची संख्या वाढली, आणि थप्पीची उंची मोजणारा कायदा तर कुठेच नाही.

चळवळीत एक खोड आहे, तीही बोलली पाहिजे. दावा लांबला की तडजोड करून देणे हे कार्यकर्त्याला कर्तव्य वाटू लागते. दीड लाख रोख मिळतात, कामगार रडून पाया पडतो, प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. साठ टक्के ठरले असते तर काय मिळाले असते, त्यावर बारा टक्के व्याज किती चढले असते, हे त्याला कोणी सांगत नाही. रक्कम अपघाताच्या तारखेपासून देय होते, निकालाच्या तारखेपासून नव्हे, हे सुताराच्या प्रकरणातच ठरले आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर व्याज लागते, आणि विनाकारण टाळले तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. १९९७ च्या निर्णयाप्रमाणे तो दंड विमा कंपनी देत नाही, मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. दंडाची मागणी अर्जात घातली की मालक स्वतःच विमा कंपनीच्या मागे लागतो, असा अनेक कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. मालकाला काही मान्य आणि काही अमान्य असेल, तर मान्य असलेली रक्कम आधी भरण्याचे बंधनही चौथ्या-अ कलमात आहे. तडजोड करावीच लागली तर हे सारे आकडे कामगारापुढे मांडून, त्याच्या घरच्या माणसांसमक्ष करावी, आणि तिची नोंद करून घ्यावी.

राहिला पुराव्याचा प्रश्न. अनेक बाजारांत मजुरी टोळीला मिळते आणि टोळी ती वाटून घेते. मुकादमाजवळ एक वही असते. इजा झालेला हमाल दोन-तीन महिन्यांनी कमरेला पट्टा बांधून परत येतो. त्याला ओझे झेपत नाही, तो पोती मोजतो, सुतळी शिवतो, सांडलेले धान्य झाडतो. टोळी त्याला हाकलत नाही, पण पूर्ण वाटाही देत नाही. वहीत त्याच्या नावापुढे अर्धा वाटा लागतो, पुढे पाव, आणि एखाद्या दिवाळीनंतर त्याचे नावच दिसत नाही. उपार्जनक्षमतेची घट किती, हा प्रश्न जिथे डॉक्टर, वकील आणि विमा कंपनी पाच-पाच वर्षे घोळत बसतात, तिथे त्याच्याच बरोबरीच्या माणसांनी, कोणताही पक्षपात न करता, रोजच्या रोज तो सोडवून ठेवलेला असतो. ती वही आयुक्तांपुढे गेली पाहिजे आणि मुकादम साक्षीला उभा राहिला पाहिजे. मुकादम बिचकतो, कारण त्याच वहीत बिननोंदीत माणसांचीही नावे असतात आणि व्यापाऱ्याला ती बाहेर आलेली नको असतात. तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी कार्यकर्त्याने मुकादमाकडे गेले पाहिजे, आणि तेही इजा झाली त्याच आठवड्यात.